विंडोज १० गेलं, आता लिनक्स टाकू म्हणताय? आधी हे वाचा: लिनक्स तुमचा जुना लॅपटॉप ‘ओळखतं’ कसं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ची सोय आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे अनेक लॅपटॉपही बाहेर राहिले. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट घेण्याचा पर्याय दिला आहे. पण त्यानंतर काय?

यावर सोशल मीडियावर एकच उत्तर फिरतंय: ‘फेकू नका, लिनक्स टाका.’

सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धा आहे. कारण लिनक्सच्या जगातही याच काळात ‘कोणता कॉम्प्युटर चालेल आणि कोणता नाही’ याचे मोठे निर्णय झाले.

डेबियन या जुन्या आणि प्रतिष्ठित लिनक्सने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या व्हर्जनमध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. फेडोरामध्ये ३२-बिट पॅकेजेस पूर्ण काढून टाकण्याचा प्रस्ताव जून २०२५ मध्ये आला आणि गदारोळ झाल्यावर मागे घेतला गेला. रेड हॅटच्या मे २०२५ मधल्या व्हर्जनने तर काही ६४-बिट प्रोसेसरनाही बाहेर ठेवलं.

हे निर्णय सामान्य माणसापर्यंत पोहोचतात ते एका छोट्याशा मेसेजमधून: ‘पॅकेज सापडलं नाही.’ हा मेसेज देणारा असतो पॅकेज मॅनेजर. तो काय बघतो, कशाची यादी चाळतो आणि त्याला वेळ का लागतो, हे एकदा समजून घेतलं की या सगळ्या बातम्यांचा अर्थ लागतो.

पॅकेज मॅनेजर म्हणजे काय?

लिनक्सवर सॉफ्टवेअर शोधून सेटअप फाइल डाऊनलोड करायची पद्धत फारशी नाही. बहुतेक सॉफ्टवेअर एका ठिकाणी, तपासून ठेवलेलं असतं. त्या साठ्याला म्हणतात रिपॉझिटरी. तिथून सॉफ्टवेअर आणणारा, बसवणारा, अपडेट करणारा आणि काढून टाकणारा प्रोग्रॅम म्हणजे पॅकेज मॅनेजर.

डेबियन आणि उबंटूवर हे काम ‘ॲप्ट’ करतो. फेडोरा आणि रेड हॅटवर ‘डीएनएफ’, आर्चवर ‘पॅकमॅन’, तर अल्पाइनवर ‘एपीके’. नावं वेगळी, काम तेच.

या कामाचे दोन भाग असतात. पहिला, साठ्यात काय काय आहे याची यादी आणणं. दुसरा, त्या यादीतून तुमच्या मशीनला चालेल तेच निवडणं. पहिल्या भागातली यादी म्हणजे मेटाडेटा. दुसऱ्या भागातली निवड म्हणजे आर्किटेक्चर जुळवणं.

आर्किटेक्चर जुळवायचं म्हणजे काय?

गॅरेजमध्ये जाऊन ‘ब्रेक शू द्या’ म्हटलं तर समोरचा आधी विचारतो, ‘गाडी कोणती?’ भाग दिसायला सारखाच असतो, पण एका गाडीचा दुसरीला बसत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच.

प्रोसेसरला ठरावीक सूचनाच कळतात. इंटेल आणि एएमडीच्या चिपची एक भाषा, मोबाइल आणि रास्पबेरी पायमधल्या एआरएम चिपची दुसरी. त्यामुळे एकाच प्रोग्रॅमची प्रत्येक चिपसाठी वेगळी प्रत तयार करावी लागते. प्रत्येक पॅकेजवर ती कोणासाठी आहे याची चिठ्ठी असते आणि पॅकेज मॅनेजर ती चिठ्ठी वाचतो.

या चिठ्ठ्यांवरची नावं नवख्याला हमखास गोंधळात टाकतात.

- एएमडी६४: आजचे बहुतेक पीसी आणि लॅपटॉप. नाव एएमडीचं असलं तरी इंटेलच्या चिपलाही हेच पॅकेज लागतं. ही ६४-बिट पद्धत एएमडीने आणली, म्हणून डेबियनने ते नाव ठेवलं. फेडोरा यालाच ‘एक्स८६_६४’ म्हणतं.
- आय३८६ किंवा आय६८६: जुने ३२-बिट पीसी.
- एआरएम६४ किंवा एआर्च६४: एकाच गोष्टीची दोन नावं. पहिलं डेबियनकडचं, दुसरं फेडोराकडचं.
- ऑल किंवा नोआर्क: कोणत्याही मशीनवर चालणारी पॅकेजेस. उदाहरणार्थ फॉन्ट, आयकॉन, माहितीपुस्तिका.

म्हणजे इंटेलचा लॅपटॉप असताना ‘एएमडी’ लिहिलेली फाइल दिसली तर घाबरायचं कारण नाही. ती तुमचीच आहे.

मग एकाच कॉम्प्युटरला दोन आर्किटेक्चर कशाला?

६४-बिट प्रोसेसर ३२-बिट प्रोग्रॅमही चालवू शकतो. अडचण वेगळीच आहे. एखादा प्रोग्रॅम ३२-बिट असेल तर त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी, म्हणजे मदतनीस फाइली, ३२-बिटच हव्यात. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्हींची सरमिसळ चालत नाही.

जुने गेम, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं ‘वाइन’ आणि गेमिंगचं ‘स्टीम’ यांच्यासाठी ही गरज वर्षानुवर्षं राहिली आहे. कंपनी बंद पडलेली, पण कोणाचा तरी हिशोब अजून ज्याच्यावर चालतो असा एखादा जुना विंडोज प्रोग्रॅमही यात येतो. त्याची नवी ६४-बिट प्रत कोणी बनवणार नसतं.

यावर डेबियनने काढलेला मार्ग म्हणजे ‘मल्टिआर्क’. २०१३ च्या डेबियन ७ पासून एका कॉम्प्युटरवर दोन आर्किटेक्चरची पॅकेजेस शेजारी शेजारी नांदू लागली. त्यासाठी वापरकर्त्याला एकदा सांगावं लागतं की माझ्याकडे आय३८६ सुद्धा चालू दे. हे न सांगता ३२-बिट पॅकेज मागितलं तर उत्तर येतं, ‘सापडलं नाही’. पॅकेज साठ्यात असतं, पण त्याची यादीच तुमच्या मशीनने कधी मागवलेली नसते.

फेडोराची पद्धत वेगळी. तिथे ६४-बिटच्या साठ्यातच निवडक ३२-बिट पॅकेजेस ठेवलेली असतात आणि यादी एकच असते.

दोन्हींत किंमत मोजावी लागते. डेबियनवर दुसरं आर्किटेक्चर जोडलं की दुसरी यादीही दर वेळी उतरवावी लागते. फेडोरावर ज्याला ३२-बिट कधीच लागणार नाही, त्याच्याही यादीत त्या नोंदी येतात. म्हणजे आर्किटेक्चरचा प्रश्न आणि यादीच्या वेगाचा प्रश्न हे एकमेकांत गुंतलेले आहेत.

जुळणी फसली तर काय होतं?

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०२१ मधलं आहे. ‘लायनस टेक टिप्स’ या प्रसिद्ध यूट्यूब चॅनलच्या लायनस सेबॅस्टियन यांनी महिनाभर लिनक्स वापरून बघायचं ठरवलं. त्यांनी पॉप ओएस हे उबंटूवर आधारलेलं लिनक्स निवडलं आणि स्टीम बसवायला घेतलं.

मल्टिआर्कचा एक कडक नियम आहे. एकाच लायब्ररीची ६४-बिट आणि ३२-बिट प्रत सोबत ठेवायची असेल, तर दोन्हींचं व्हर्जन तंतोतंत एकच हवं. एक प्रत पुढे गेली आणि दुसरी साठ्यात पोहोचलीच नाही, तर जुळणी फसते. तेव्हा नेमका ३२-बिट पॅकेजेसचाच घोळ झालेला होता.

ॲप्टने गणित मांडलं आणि त्याला एक ‘उत्तर’ सापडलं: स्टीम बसवायचं असेल तर डेस्कटॉपच काढून टाकावा लागेल. त्याने तसा इशाराही दिला आणि ‘होय, मी सांगतो तसंच कर’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य टाइप करायला सांगितलं. सेबॅस्टियन यांनी ते टाइप केलं. डेस्कटॉप गेला आणि समोर उरला काळा टर्मिनल.

नोव्हेंबर २०२१ मध्ये हा व्हिडिओ आल्यावर इंटरनेटवर दोन तट पडले. एक म्हणत होता, इशारा वाचायला काय झालं होतं? दुसरा म्हणत होता, एक गेमिंग ॲप बसवताना डेस्कटॉप उडण्याची शक्यता तरी का असावी? त्याच महिन्यात ॲप्ट बदललं. आता अत्यावश्यक पॅकेज काढायचं असेल तर नुसतं वाक्य टाइप करून भागत नाही, तसा वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.

ॲप्ट त्या दिवशी बिघडलेलं नव्हतं. समोरच्या यादीत जे होतं त्यावरून त्याने हिशोब केला. पॅकेज मॅनेजर आपल्या यादीइतकाच शहाणा असतो.

ही यादी एवढी मोठी का असते?

‘ॲप्ट अपडेट’ ही कमांड दिली की स्क्रीनवर ओळी धावतात आणि अनेकांना वाटतं सॉफ्टवेअर अपडेट झालं. प्रत्यक्षात एकही प्रोग्रॅम बदललेला नसतो, फक्त यादी ताजी झालेली असते. प्रोग्रॅम बदलतात ते ‘ॲप्ट अपग्रेड’ दिल्यावर.

डेबियन १३ मध्ये ६९,८३० हून अधिक पॅकेजेस आहेत. प्रत्येकाचं नाव, व्हर्जन, आकार, आर्किटेक्चर, त्याला आणखी कोणती पॅकेजेस लागतात आणि फाइल खरी आहे की नाही हे तपासण्याचा आकडा, एवढं सगळं त्या यादीत असतं.

इथे फोनशी तुलना करून बघा. प्ले स्टोअरवर तुमचा फोन कोणता आहे हे गूगलच्या सर्व्हरला कळतं आणि योग्य प्रत तिकडूनच निवडून येते. लिनक्समध्ये उलटं आहे. संपूर्ण यादी तुमच्याकडे येते आणि निवड तुमच्या मशीनवर होते.

याचा एक फायदा आहे. साठा ठेवणाऱ्या सर्व्हरला फार हुशार असायची गरज नसते, नुसत्या फाइली ठेवल्या की झालं. म्हणून जगभरातली विद्यापीठं आणि संस्था या साठ्यांच्या प्रती, ज्यांना ‘मिरर’ म्हणतात, फुकट चालवू शकतात. शिवाय तुम्ही कोणतं पॅकेज शोधताय हे सर्व्हरला कळत नाही. किंमत एकच: यादी जड होते. ऑफिसच्या वायफायवर ते जाणवत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला मात्र जाणवतं.

यादीचा वेग कसा वाढवला गेला?

आधी विचारा, मग उतरवा. ॲप्ट सुरुवातीला सगळी यादी आणत नाही. आधी एक छोटी, सही केलेली फाइल आणतो. त्यात प्रत्येक यादीचा ठसा म्हणजे हॅश असतो. आपल्याकडची यादी तीच असेल तर पुढे काही उतरवायचंच नाही. स्क्रीनवर ‘हिट’ दिसतं ते यासाठी. ‘गेट’ दिसलं तर नवीन काहीतरी येतंय.

फक्त फरक आणा. यादीत कालपासून दहा नोंदी बदलल्या असतील तर सगळी यादी परत कशाला? डेबियनमध्ये अशा फरकांच्या छोट्या फाइलींची सोय आहे. फेडोरानेही २०१९ मध्ये ‘झेडचंक’ नावाची पद्धत आणली. तिच्यात यादीचे तुकडे केलेले असतात आणि बदललेले तुकडेच येतात.

नको ते आणूच नका. फेडोराच्या मेटाडेटात एक मोठी फाइल असते. कोणत्या पॅकेजमध्ये कोणत्या फाइली आहेत, त्याची ती जंत्री. बहुतेकांना ती रोज लागत नाही. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या फेडोरा ४० पासून ती आपोआप उतरवणं बंद झालं. एवढ्या एका निर्णयाने डाऊनलोडही कमी झालं आणि मेमरीवरचा भारही.

हिशोब लवकर करा. यादी आली तरी ती वाचून ‘अमुकसाठी तमुक लागतं’ हे कोडं सोडवावं लागतं. फेडोराने २०१५ मध्ये ‘यम’ सोडून डीएनएफ घेतलं, तेव्हा हे कोडं सोडवण्यासाठी सुझे लिनक्सकडे तयार झालेली ‘लिबसॉल्व्ह’ ही लायब्ररी वापरली. पुढे ऑक्टोबर २०२४ च्या फेडोरा ४१ मध्ये सी++ भाषेत नव्याने लिहिलेलं डीएनएफ५ आलं.

डबा लवकर उघडा. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस आर्च लिनक्सने पॅकेजेस बांधण्याची पद्धत बदलून ‘झेडएसटीडी’ घेतली. पॅकेजेसचा एकूण आकार सुमारे ०.८ टक्के वाढला, पण ती उलगडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी वाढला, असं आर्चने जाहीर केलं.

या शेवटच्या उदाहरणात थोडं जास्त डाऊनलोड घेऊन वेळ वाचवलाय. नेट चांगलं असलेल्यांचा त्यात फायदाच आहे. ज्याचं नेट मोजून मापून आहे, त्याच्यासाठी हिशोब किंचित वेगळा.

वेग हवा, मग यादी महिन्यातून एकदाच आणली तर?

नाही चालणार. कारण सुरक्षेचे अपडेट आलेत हे कळण्याचा मार्गही ही यादीच आहे. यादी शिळी, तर सुरक्षाही शिळी.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं होतं. त्यांनी भाड्याने सर्व्हर घेतला, खोट्या नावाचा ॲडमिन उभा केला आणि अनेक लिनक्समध्ये अधिकृत मिरर म्हणून नोंद मिळवली. असा मिरर हाती असलेल्याला खोटी यादी बनवायची गरजच नसते. खरी, सही असलेली, पण जुनी यादी देत राहिलं तरी पुरे. कॉम्प्युटरला वाटतं, नवीन काहीच आलेलं नाही, आणि जुनं भगदाड उघडंच राहतं.

म्हणून डेबियनच्या यादीवर आता मुदतीची तारीख घालता येते. ती उलटली की ॲप्ट यादी स्वीकारत नाही. दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखंच हे.

फेडोराने मधला मार्ग काढलाय. मूळ साठ्याची यादी रिलीजनंतर बदलत नाही, म्हणून ती सात दिवस चालवून घेतात. अपडेटच्या साठ्याची यादी मात्र सहा तासांत जुनी मानली जाते. सगळ्याच गोष्टी सारख्या घाईने तपासायची गरज नसते, हे यामागचं साधं तत्त्व.

आता मूळ प्रश्न: कोण आत, कोण बाहेर?

प्रत्येक आर्किटेक्चर म्हणजे हजारो पॅकेजेसची आणखी एक प्रत. ती बनवायला सर्व्हर लागतात, ठेवायला जागा लागते, बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. यातली बरीच माणसं स्वयंसेवक आहेत. ३२-बिटवर काही अडलं की ज्याने ३२-बिट मशीन कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही, त्याला थांबून ते सोडवावं लागतं. त्यामुळे ‘बंद करा’ म्हणणारे दुष्ट नाहीत, ते थकलेले आहेत. दुसऱ्या बाजूला, त्याच पॅकेजेसवर कोणाचं तरी काम चालू असतं.

२०१९ मध्ये उबंटूने पुढच्या व्हर्जनपासून आय३८६ पॅकेजेस बंद करायचं जाहीर केलं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीकडून उत्तर आलं की मग त्या उबंटूला आमचा सपोर्ट नसेल. आठवड्याभरात उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने निवडक ३२-बिट पॅकेजेस ठेवायचं मान्य केलं.

२०२५ मध्ये फेडोरात तेच घडलं. प्रस्ताव फेडोरा ४४ साठी होता. फेडोरावर उभ्या असलेल्या ‘बझाइट’ या गेमिंग लिनक्सच्या प्रमुखांनी सांगितलं की असं झालं तर प्रकल्प बंद करावा लागेल. काही दिवसांतच प्रस्ताव मागे घेतला गेला.

डेबियनने मात्र रेषा ओढली. डेबियन १३ मध्ये आय३८६ पॅकेजेस आहेत, पण ६४-बिट प्रोसेसरवर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरतीच. ३२-बिट मशीनसाठी कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही. डेबियनचा सल्ला स्पष्ट आहे: ३२-बिट सिस्टिम चालवणाऱ्यांनी १३ वर अपग्रेड करू नये. शक्य असेल तर ६४-बिट नव्याने बसवावं, नसेल तर मशीन निवृत्त करावं. त्याच व्हर्जनमध्ये ‘रिस्क-५’ या नव्या आर्किटेक्चरला पहिल्यांदा अधिकृत जागा मिळाली.

तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर एक फरक दिसतो. ३२-बिट प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या मागे मोठी कंपनी आणि गेमर्सचा आवाज होता, म्हणून ते राहिले. ३२-बिट मशीन वापरणाऱ्यांच्या मागे तसं कोणी नव्हतं.

६४-बिट असूनही बाहेर?

हो, आणि पुढची चर्चा यावरच असेल.

सगळे ६४-बिट प्रोसेसर सारखे नसतात. नव्या चिपमध्ये जास्त सूचना असतात आणि त्या वापरल्या तर काही कामं वेगाने होतात. २०२० मध्ये इंटेल, एएमडी, रेड हॅट आणि सुझे यांनी मिळून याच्या पायऱ्या ठरवल्या. मूळ पायरी आणि वर व्ही२, व्ही३, व्ही४. व्ही३ मध्ये ‘एव्हीएक्स२’ ही सूचनांची मालिका लागते, जी इंटेलने २०१३ मध्ये आणली.

मे २०२२ च्या रेड हॅट ९ ला व्ही२ लागतं. मे २०२५ च्या रेड हॅट १० ला व्ही३.

‘२०१३ नंतरचा लॅपटॉप आहे, म्हणजे चालेल’ असं वाटेल. पण तसं नाही. इंटेलच्या स्वस्त सेलेरॉन आणि पेंटियम चिपमध्ये त्यानंतरही बरीच वर्षं एव्हीएक्स२ नव्हतं. उदाहरणार्थ, २०१७ च्या अखेरीस आलेली सेलेरॉन एन४००० ही बजेट लॅपटॉपमधली चिप. म्हणजे निकष नुसता वयाचा नाही, किमतीचाही आहे. २०१४ चा महाग लॅपटॉप आत, २०१८ चा स्वस्त लॅपटॉप बाहेर.

रेड हॅट हे मुख्यतः कंपन्यांच्या सर्व्हरसाठीचं लिनक्स आहे, त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर लगेच परिणाम नाही. पण दिशा कळते. रेड हॅटशी सुसंगत असलेल्या अल्मालिनक्सने १० व्या व्हर्जनची व्ही२ प्रतही वेगळी काढली, म्हणजे जुन्या मशीनवाल्यांना दार उघडं राहिलं.

उबंटूने तिसरा रस्ता घेतलाय. ऑक्टोबर २०२५ च्या उबंटू २५.१० मध्ये ॲप्टलाच या पायऱ्या ओळखायला शिकवलं. मूळ एएमडी६४ पॅकेजेस सगळ्यांसाठी तशीच आहेत. ज्याला हवं त्याने सेटिंग बदलून व्ही३ ची पॅकेजेस घ्यायची.

कॅनॉनिकलच्याच म्हणण्यानुसार बहुतेक पॅकेजेसमध्ये फायदा एखाद्या टक्क्याचा आहे, आकडेमोड जास्त असलेल्यांत अधिक. एक धोकाही आहे: व्ही३ घेतलेली हार्ड डिस्क काढून जुन्या मशीनला लावली तर ती चालणार नाही.

आर्किटेक्चर जुळवण्याचं काम अधिक बारीक झालं तर जुन्यांना बाहेर न काढताही नव्यांना वेग देता येतो, हे उबंटूने दाखवलं. पण त्यासाठी पॅकेजेसच्या जास्त प्रती आणि जास्त याद्या लागतात. कॅनॉनिकलसारख्या कंपनीला ते परवडतं. स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला परवडेलच असं नाही.

भारताचा यात काय संबंध?

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विकसित केलेलं ‘बॉस’ लिनक्स डेबियनवर आधारलेलं आहे. संरक्षण मंत्रालयासाठी तयार झालेलं ‘माया ओएस’, ज्याची चर्चा २०२३ मध्ये झाली, ते उबंटूवर. नाव भारतीय असलं तरी खालचा साठा आणि आर्किटेक्चरची पद्धत तिकडून येते. तिकडे एखादी चिठ्ठी काढून टाकली, तर इकडे ती टिकवून ठेवायला वेगळे पैसे आणि माणसं लावावी लागतात.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याआधी काय बघाल?

- प्रोसेसर ६४-बिट आहे का? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम टाइप’ बघा. ‘६४-बिट प्रोसेसर, ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम’ असं दिसलं तर काळजी नको, ६४-बिट लिनक्स चालेल.
- लिनक्स आधीच असेल तर टर्मिनलवर ‘एलएससीपीयू’ कमांड द्या. सुरुवातीलाच मशीन ३२-बिट, ६४-बिट की दोन्ही चालवतं ते दिसतं. खालच्या मोठ्या यादीत ‘एव्हीएक्स२’ दिसलं तर मशीन बहुधा व्ही३ च्या पायरीचं आहे.
- जुना विंडोज प्रोग्रॅम वाइनवर चालवायचा असेल तर डेबियन किंवा उबंटूवर आधी आय३८६ आर्किटेक्चर जोडा, मग यादी ताजी करा, मग पॅकेज मागवा. हा क्रम चुकला की ‘सापडलं नाही’.
- काही बसवताना ‘अमुक पॅकेजेस काढली जातील’ असं आलं तर थांबा आणि ती नावं वाचा. एक प्रोग्रॅम बसवताना डेस्कटॉपचं नाव त्यात दिसलं तर नको म्हणा. यादीत काहीतरी बिनसलेलं असतं, आणि बहुधा एक-दोन दिवसांत ते दुरुस्त होतं.
- मशीन खरंच ३२-बिट असेल तर ताज्या डेबियनचा नाद सोडा. ते अजूनही ३२-बिट सांभाळणारं एखादं छोटं लिनक्स शोधा आणि त्याला सुरक्षा अपडेट किती काळ मिळणार ते आधी तपासा.

‘लिनक्स टाका’ हा सल्ला आजही बहुतेक जुन्या लॅपटॉपना लागू पडतो. फक्त तो कायमचा नाही. सध्या जे लॅपटॉप वाचताहेत ते कोणीतरी, बहुतेकदा फुकट, त्यांच्यासाठीची प्रत अजून बनवतंय म्हणून. ती बनणं थांबलं की लॅपटॉप त्या दिवशी बंद पडत नाही. तो चालूच राहतो, फक्त त्याच्यासाठीच्या यादीत नवीन काही येईनासं होतं.